फडक्याखालचे ॲस्टर

पुडीतलं सगळं बी पेरून झालं आणि मग बेकरीवाला रिकाम्या पुडीकडे बघत राहिला.

बायको असं कधी करायची नाही. दर वर्षी चिमूटभर बी मागे ठेवायची. "सगळंच मातीत घातलं आणि काही बिनसलं तर?" म्हणायची. पण ॲस्टरचं बी वर्षभरापलीकडे फारसं टिकत नाही, हेही तिनेच सांगितलं होतं, आणि ती जाऊन आता सात महिने झाले होते. मागे ठेवलेलं डब्यातच मेलं तर? त्या धास्तीने त्याने पुडी उलटी करून झटकली होती.

हे ॲस्टर दुकानात मिळणारे नव्हते. पांढरी पाकळी आणि तिला निळी कड. वीसेक वर्षांपूर्वी एका रोपावर असं एकच फूल आलं होतं. तिने त्याचंच बी धरलं. पुढे दर वर्षी ज्याची कड ठसठशीत त्याचंच बी ठेवायचं, बाकीची रोपं उपटून फेकायची. आता ते सगळं वाण पावाच्या एका जुन्या साच्यात, चार बोटं मातीत होतं. साच्याच्या तळाला भोकं त्यानेच कधीतरी खिळ्याने पाडून दिली होती. तिच्या बागकामात त्याचा हात लागला तो तेवढाच.

बी कसं उगवतं ते त्याला ठाऊक नव्हतं. पीठ कसं फुगतं ते ठाऊक होतं. ऊब हवी, वर ओलं फडकं हवं आणि वाऱ्याची झुळूकसुद्धा लागता कामा नये. चाळीस वर्षं त्याने हेच केलं होतं. म्हणून त्याने साचा भट्टीच्या बरोबर वरच्या खोलीत, कोमट फरशीवर ठेवला. बायकोच्या आजारपणाची खोली ती. खिडकी तेव्हापासून बंदच होती.

पाचव्या दिवशी फडक्याखाली हिरवे ठिपके दिसले. त्याने मोजले, साठाच्या वर होते. त्याला हसू फुटलं. मग वारा लागेल म्हणून त्याने घाईघाईने फडकं पुन्हा अंथरलं.

नवव्या दिवशी एक रोप आडवं झालेलं दिसलं. मातीलगत देठ कुणी चिमटल्यासारखा बारीक झाला होता. दुसऱ्या दिवशी सहा पडली, तिसऱ्या दिवशी मोजायचं धाडस होईना. त्याने फडकं आणखी ओलं केलं. वर जायचा, कोपरा उचलायचा, पडलेली बघायचा. खाली यायचा तर भट्टीत लक्ष नाही. बाराव्या दिवशी शेवटी मोजली, उरली होती तेवीस. ही गेली की संपलं. मग जगात कुठेच ती निळी कड उरणार नव्हती.

त्या दुपारी बायकोची धाकटी बहीण आली. ती पोस्टात कामाला होती आणि सुट्टीच्या दिवशी डोकावून जायची.

"भाऊजी, खाली पाव करपलाय. जिन्यापर्यंत वास आलाय. ताई असती तर लाटणं घेऊन आली असती."

"दार लाव आधी."

"अहो, घामाने निथळताय! काय अंडी उबवताय का इथे बसून?" तिने वाकून फडक्याला हात घातला. त्याने तिचं मनगट धरलं.

"काढू नकोस. काढलं की पडतात."

"दाखवा तरी." तिने कोपरा उचलला आणि तिची थट्टा जागच्या जागी थांबली. पांढुरकी, लांबुडकी रोपं एकमेकांच्या आधाराने उभी होती. "भाऊजी, हे पीठ आहे का फुगायला? उगवलं की झाकण काढायचं असतं. ओलीने कुजतायत ती. ताई खिडकीत ठेवायची, उघड्या."

"खिडकीत?"

"इतकी वर्षं एका घरात राहून पाहिलं नाहीत?"

नव्हतं पाहिलं. उजाडायच्या आत तो भट्टीवर असायचा, आणि ती खिडकीशी असायची तेव्हा तो झोपलेला असायचा.

मेहुणी कडीकडे वळली तसा तो उठून आडवा आला. त्याचा आवाज फाटला. "नको! वारा लागेल!"

"लागू दे की."

"तीही म्हणायची," तो म्हणाला. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. "शेवटच्या आठवड्यात. दोनदा म्हणाली, अहो, खिडकी जराशी उघडा ना. मी गोधडी सारखी केली आणि खाली गेलो. आता खिडकी उघडून ही रोपं जगली, तर मग तीही..."

रोपं मरतील याची भीती होतीच. जगतील याची त्याहून मोठी होती.

मेहुणी कडीपासून मागे सरली. "मलाही म्हणाली होती," ती म्हणाली. "मीही नाही उघडली. डॉक्टरच म्हणाले होते ना, गार वारा नको." तिने पदराने नाक पुसलं. "पण ती ताई होती, भाऊजी. हे ॲस्टर आहेत. सरका."

तो सरकला नाही. स्वतःच वळला. कडी गंजून बसली होती. खालून पाव कापायची सुरी आणून, तिचं टोक घालून त्याने कडी ढिली केली आणि झडप ढकलली. गार हवा भसकन आत आली. मेहुणीने साचा उचलून खिडकीत ठेवला, तशी सगळी रोपं एका बाजूला झुकली. त्याने झटकन मध्ये तळवा धरला.

"हात काढा."

"पडतील."

"काढा म्हणते ना!"

त्याने हात काढला. एक रोप लवलं, पडलं, आणि त्याच्या तोंडून आवाज निघाला.

"ते आधीच गेलेलं होतं," ती म्हणाली. तिचाही आवाज फारसा खात्रीचा नव्हता. फडकं मात्र तिने पिळून दोरीवर टाकलं आणि जाताना दम दिला, "माती वर सुकल्याशिवाय थेंबभर पाणी घालायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तो एकोणीस वेळा जिना चढला. संध्याकाळी सतरा उभी होती. तिसऱ्या दिवशी सतरा. चौथ्या दिवशी त्याने दोनदा मोजली, बोट लावून. सतराच.

दुपारची झोप त्याने त्याच खोलीत घेतली, खिडकी सताड उघडी ठेवून. गार लागत होतं. त्याने गोधडी हनुवटीपर्यंत ओढली आणि एका कुशीवर झाला, साचा दिसेल असा.