मेजर वेदरबींचा जबाब

१९९६च्या फेब्रुवारीत मेजर वेदरबी दुबईला आले, तेव्हा तिथल्या एका कंपनीने त्यांच्या दिमतीला गाडी दिली आणि चालवायला दत्ताराम. मेजर साठीचे. इंग्लंडात वडिलोपार्जित दीड हजार एकर जमीन. तरुणपणी लष्करात असताना याच किनाऱ्यावर तीन वर्षं काढलेली. वडील गेल्यावर जमीन सांभाळायला परतले आणि पुढे पार्लमेंटात निवडून गेले.

"व्हीआयपी आहेत. म्हणतील ते करायचं," मॅनेजर सूर्यकांतने बजावलं होतं. "कंप्लेंट आली तर खलास. व्हिसा कॅन्सल."

उम्म अल कुवैनच्या पुढे मेजरांनी गाडी रस्त्याखाली घ्यायला सांगितली. त्यांना जुनी छावणी बघायची होती. समोर मिठाची खपली धरलेलं पांढरं सपाट मैदान. दत्ताराम कोकणातल्या गुहागरचा, भरतीच्या पाण्याखाली जाणारं खाजण त्याला लांबूनच कळे.

"साहेब, खाली चिखल आहे. भरतीची वेळ झालीय," तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला.

"मी इथे ट्रक नेलेत. चल."

व्हिसा आठवून दत्तारामने गाडी घातली. अर्ध्या मैलावर ती नाक खुपसून बसली. मेजर रागाने उतरून चालू लागले आणि पंधराएक पावलांवर मांडीपर्यंत रुतले. खाडीकडून पाण्याची पातळ रेघ पुढे सरकत होती.

 रस्त्याकडे पळत सुटावं असं दत्तारामला वाटलं. पण पोलीस विचारतील, साहेब कुठे आहेत? काय सांगणार? त्याने गाडीतली पायपुसणी काढली, चिखलावर अंथरली आणि पोटावर सरपटत निघाला.

"हलू नका साहेब. आडवे व्हा, पोहल्यासारखे."

मेजरांनी त्याचं मनगट असं आवळलं, की दोघेही खाली जाणार असं वाटलं. ते एकच नाव पुटपुटत होते. हमदुल्ला. पाणी कानाला लागलं तेव्हा कुठे त्यांचा पाय सुटला. बूट आतच राहिला.

रस्त्यावर पोचल्यावर मेजर कडेलाच खाली बसले.

"हमदुल्ला पलटणीत माझा ड्रायव्हर होता," ते म्हणाले. "त्यालाही मी असंच 'चल' म्हणालो. मी उडी मारली, तो ट्रकसकट बुडाला. माझा हुकूम मोडून त्याने ट्रक चिखलात घातला, असं मी रिपोर्टात लिहिलं. घरच्यांनाही तेच कळवलं. आणि प्रत्येक निवडणुकीत सांगत आलो, की त्याला वाचवायला मी जिवाची बाजी लावली."

 आता हे माझ्याबद्दलही तसंच लिहिणार, एवढंच दत्तारामच्या मनात आलं. दोघे टॅक्सीने परतले.

ऑफिसात सूर्यकांतने विचारलं, "रस्ता सोडून गाडी का घातलीस?"

मेजर शेजारीच बसले होते, एका पायात फक्त मोजा.  दत्तारामने टेबलाची कड घट्ट धरली होती. मग मेजरांनी कागद मागितला. दोन कागद लिहिले. पहिल्यावर होतं, गाडी माझ्या हुकमाने गेली, ड्रायव्हरने अडवलं होतं. दुसरा त्यांच्या जुन्या पलटणीच्या नावे होता, हमदुल्लाबद्दल खरं काय घडलं ते सांगणारा. सूर्यकांतने तो दोनदा वाचला आणि पाकिटात घातला.

पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत मेजर उभे राहिले नाहीत. ती हकीकत बाहेर आल्यावर तिकडे लोकांनी त्यांना बरंच सुनावलं म्हणे. दत्ताराम आणखी सात वर्षं त्याच कंपनीत गाडी चालवत होता. पण त्या रस्त्यावरची ड्युटी लागली, की तो सूर्यकांतला सांगून बदलून घ्यायचा, आणि सूर्यकांतही कारण विचारायचा नाही.