उलटा बसवलेला सहा

मित्रांनो, मी बेंगळुरूच्या बळेपेटेतल्या एका छापखान्यातला इंग्रजी खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचा, जुना संच आहे. माझ्या प्रत्येक अक्षराला बारीक पाय आहेत. त्यांच्या आधाराने वाचणाऱ्याची नजर ओळ सोडत नाही. म्हणून शाळेची पुस्तकं असोत की कोर्टाचे कागद, सगळ्यांना मीच लागायचो. माझे आकडे मात्र एका उंचीचे नाहीत. सहा मान वर काढतो, नऊ शेपूट खाली सोडतो. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू!

मला जुळवायचे फत्तेसिंग अण्णा. खिळ्याच्या अंगावरची खाच बोटाने चाचपायची, सगळ्या खाचा एका बाजूला आल्या म्हणजे सगळे खिळे सुलटे, हे त्यांनीच हाताखाली काम शिकणाऱ्या विमलाला शिकवलं. तिने ते मनावर घेतलं होतं.

१९९६चा डिसेंबर होता. नव्या वर्षाच्या कॅलेंडरने माझे सगळे नऊ अडकवून ठेवले होते. तेवढ्यात एका नर्सिंग होमचा दत्ता आला. रुग्णवाहिकेच्या फोन नंबरची कार्डं त्याला तासाभरात हवी होती. नंबरात एक नऊ होता. अण्णांनी नेहमीची युक्ती केली, सहा उलटा बसवला. माझा सहा उलटा केला की हुबेहूब नऊ दिसतो. मग नंबराची चिठ्ठी खिशात टाकून ते कागद आणायला गेले.

विमलाने ओळीवरून बोट फिरवलं. एक खाच लागेना. घाईत अण्णांकडून राहिलं असेल असं समजून तिने तो खिळा सुलटा केला. मी आतल्या आत ओरडत होतो, पण शिशाला कुठला आवाज? पहिला कागद चिठ्ठीशी ताडून पाहायचा, हा आमच्याकडचा नियम. चिठ्ठी तर अण्णांच्या खिशात, आणि दत्ता दारात घड्याळ बघत उभा. तिने मशीन सुरू केलं. कुणाच्या तरी घरी जीव टांगणीला लागलेला असताना हाच चुकीचा नंबर फिरवला जाणार होता. माझ्याच अंगाने तो छापला जात होता.

अण्णा परतले तेव्हा दत्ता गठ्ठा बांधून स्कूटरला किक मारत होता. अण्णांनी मशीनवर उरलेलं एक कार्ड सहज उचललं. ओळीत नऊच्या जागी एक आकडा मान वर काढून उभा होता. "दत्ता, स्वल्प थांब," म्हणत ते रस्त्यावर धावले आणि गठ्ठा हिसकावूनच घेतला.

विमलाला रडू फुटलं. "अण्णा, माझ्या हातून कुणाचा तरी जीव गेला असता."

"तू सरीच, बरोबरच केलंस, विमला. चुकलो मी, सांगून गेलो नाही."

त्यांनी कॅलेंडरची जुळवून बांधलेली पानं सोडली, डिसेंबरातला एक नऊ काढून तिच्या तळहातावर ठेवला आणि कार्डं पुन्हा छापायला घेतली. कॅलेंडरवाल्याची बोलणी त्यांनी ऐकून घेतली.

आता कार्डं कॉम्प्युटरवर होतात. अण्णा राहिले नाहीत. माझ्या खणांत धूळ साचते. विमला अधूनमधून येते, मला पुसते, खाचांवरून बोट फिरवते. मित्रांनो, आम्हा जुन्यांना असंच पुसत जा. आणि सोयीसाठी कधी काही उलटं ठेवलंत, तर पुढच्या हाताला सांगून जा. तो हात प्रामाणिक असेल, आणि तुमचं उलटं तो सुलटं करून ठेवेल.