घरचा पेशंट

हृदयाच्या सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर दुपारी बसायला खुर्ची मिळत नाही. आत यंत्र चालवणारी बाई सकाळपासून तेच तेच बोलून थकली होती. "श्वास घ्या. रोखा. सोडा." पाय भरून आले होते, दारावर सारखी टकटक चालू होती, आणि साहेबांचा एकच धोशा होता: फोटो स्वच्छ हवा आणि रांग हलायला हवी.

हृदय धडधडत असलं की फोटो हलतो. म्हणून गोळी देऊन ते शांत करायचं, तासभर थांबायचं आणि दोन ठोक्यांमधल्या विसाव्यापुरतेच क्ष-किरण सोडायचे, ही खरी रीत. पण थांबायला वेळ कुणाला? त्यापेक्षा किरण सलग चालू ठेवायचे, तेही जाडजूड माणसाला पुरतील एवढे. लठ्ठ असो की काटकुळा, सब घोडे बारा टक्के! फोटो हमखास चांगला यायचा. अंगात किरण कितीतरी जास्त जायचे, पण ते ना दिसतात ना दुखतात, मग तक्रार कोण करणार?

फक्त कर्मचाऱ्यांपैकी कुणाचा नातेवाईक आला की कुजबुज व्हायची, "घरचा पेशंट आहे." मग मात्र सगळी रीत पाळली जायची.

त्या दिवशी बाईची थोरली नणंद आली. शाळेतून निवृत्त झालेली, अंगानं किडकिडीत, पण जिभेला धार. छातीत दुखतं म्हणून तिला ही तपासणी सांगितली होती.

"वन्सं, डॉक्टरांनी ही गोळी दिलीय. घ्या आणि तासभर निवांत बसा. नाडी उतरली की आत घेते."

"अगं, आत्ता ती निळ्या ड्रेसमधली मुलगी आली आणि लगेच गेलीसुद्धा. तिला नाही बसवलंस ते?"

"थांबलं की किरण कमी लागतात, वन्सं."

"मग तिला का जास्त दिलेस?"

"रांग बघताय ना! आणि तुम्ही घरच्या."

नणंदेनं गोळी हातातच धरली. "ती काय आभाळातून पडली होती?"

"एका तपासणीनं काही होत नाही हो कुणाला."

"एकीला होत नसेल. पण वर्षभरात तू किती जणांना आत घेतेस? त्यातल्या एखाद्याला पुढं या किरणांनी कॅन्सर झाला, तर तो तुला सांगायला येणार आहे का? आणि ती तर कोवळी पोर. तिचं सगळं आयुष्य पुढं आहे. घरच्याला बेतानं आणि परक्याला भरमसाट, हा कुठला न्याय!"

बाईला आठवलं. त्या मुलीनं विचारलं होतं! "काही त्रास नाही ना होणार?" आणि हिनं मान वर न करता म्हटलं होतं, "काही नाही." आता ती मुलगी निघून गेली होती. गेलेले किरण परत घेता येत नाहीत. बाईला स्वतःची लाज वाटली.

नणंदेनं गोळी घेतली आणि तासाभरानं तिचा फोटो झाला. थोडक्या किरणांत, आणि अगदी स्वच्छ.

पुढचा पेशंट एक सडपातळ ड्रायव्हर होता. नाडी नुसती धावत होती. बाईचा हात सवयीनं बटणाकडे गेला, आणि तिनं तो मागे घेतला.

"दादा, जरा थांबावं लागेल. डॉक्टर गोळीचं बघतील. तुमच्याच भल्यासाठी आहे."

बाहेर आरडाओरड सुरू झाली. साहेब धावत आले. "हे काय नवीन खूळ?"

"साहेब, उद्यापासून सगळ्यांना तासभर आधी बोलवू या. गोळीचं बाहेरच होईल आणि रांगही अडणार नाही."

साहेब विचारात पडले. "करून बघा," म्हणाले. इतका साधा उपाय इतकी वर्षं कुणालाच सुचला नव्हता, कारण परक्यांसाठी तो शोधायची गरजच कुणाला वाटली नव्हती.

त्या संध्याकाळी बाईचे पाय रोजच्याहून जास्त दुखले.

वाचकहो, डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी भीतीनं टाळू नका. पण आत जाताना बिनधास्त विचारा, "माझ्या अंगाला लागतील तेवढेच किरण सोडाल ना?" आणि आपण जे जे दमूनभागून लोकांची कामं करतो, त्या सगळ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: आपला थकवा खरा असतो, पण त्याचा भार अनोळखी माणसाच्या अंगावर टाकायचा हक्क आपल्याला नाही!