नकाशे गेले, चिठ्ठी राहिली

मी एक जुने लोखंडी कपाट आहे. मित्रांनो, तुमच्यातला एक दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहिला, तरच माझ्या डोक्यावरची धूळ त्याला दिसेल.

माझा जन्म कारखान्यातला, पण नोकरी लागली ती थेट युद्धावर. छावणीत कुलूप लागणारे कपाट मी एकटेच. त्यामुळे वरच्या कप्प्यांत नकाशे आणि खालच्या कप्प्यात दवाखान्याच्या तंबूतले कागद, असा आमचा संसार होता. तंबूतले डॉक्टर फार काटेकोर. कोणाचा खोकला कधी सुरू झाला, तो कुठे झोपत होता, छावणीशेजारी जळत असलेल्या कोठाराचा धूर त्या दिवशी कोणत्या दिशेला गेला, सगळे लिहीत. सैनिक त्यांना चिडवत, "डॉक्टर, औषध द्या, हवामान नको."

छावणी हलताना नकाशांसाठी माझ्या दारावर चिठ्ठी लावली गेली: 'गोपनीय. पथकाच्या परवानगीशिवाय उघडू नये.' पुढे पथकाने नकाशे काढून नेले, दवाखान्याचे कागद आतच राहिले. चिठ्ठी काढायचे कोणाच्या ध्यानात आले नाही. मग ते पथकही बरखास्त झाले.

आता मी एका कचेरीच्या तळघरात असते. मला वेळच्या वेळी रंग देतात, बिजागऱ्यांना तेल घालतात. चिठ्ठीभोवती ब्रश जपून फिरवतात.

एकदा फुप्फुसांच्या आजारांवर काम करणारी एक तरुण संशोधक आली. सोबत तिचे वडील होते. ते त्याच छावणीत ट्रक चालवत. तिने हेडक्लार्कना समजावले, की एकट्या बाबांना खोकला असेल, तर लोक वय झाले म्हणतात; पण धुराच्या बाजूला झोपलेल्या सगळ्यांनाच तो होता असे या कागदांतून निघाले, तर कारण कळेल आणि उपचाराची दिशाही. हेडक्लार्क भला माणूस. त्यांनी वरपर्यंत विचारून ठेवले होते. उत्तर एकच आले: पथकाची परवानगी आणा.

"पण ते पथक आहे कुठे?"

"तेच तर, ताई. किल्ली माझ्या खिशात आहे. परवानगी कोणाच्याच खिशात नाही."

वडील उठले आणि माझ्या दाराला हात टेकून उभे राहिले. "खोकला माझा. लिहून घेतला तेव्हा समोर मीच बसलो होतो. आणि आता माझ्यापासूनच गुपित?"

तेवढ्यात वडिलांना खोकल्याची उबळ आली आणि माझे पत्रे थरथरले. त्यांचा कागद त्यांच्या गुडघ्याच्या उंचीवर होता, मध्ये फक्त माझे दार. मला आतून कडी नाही, मित्रांनो.

परवा ती पुन्हा येऊन गेली. या वेळी एकटीच.

वस्तू जरूर जपा. पण ती कशासाठी जपतो आहोत, हे अधूनमधून विचारत जा. आज सकाळी रंगारी आला. चिठ्ठीची एक कड सुटलेली त्याला दिसली. तो थांबला, आणि डिंक आणून त्याने ती पुन्हा नीट चिकटवली.