सत्तेचाळिसाव्या पानावरचे दोन बार

"'या दोन बारांत संगीतकाराचं अख्खं काळीज उतरलं आहे,'" वाद्यवृंदाचे संचालक चष्मा सावरत नव्या पुस्तकाची प्रस्तावना मोठ्यानं वाचत होते. "ऐकताय ना नकलकाका? पान सत्तेचाळीस!"

नकलकाका ऐकत होते. कान तापेपर्यंत ऐकत होते.

वाद्यवृंदातल्या प्रत्येकाला त्याच्या वाद्यापुरती स्वरलिपी बार पाडून, म्हणजे उभ्या रेघांनी सुरांचे तुकडे करून, लिहून द्यायची, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या सिंफनीची जीर्ण प्रतही त्यांनीच उतरवून काढली होती, आणि आता त्यांच्याच प्रतीवरून झोकात पुनर्मुद्रण झालं होतं. प्रस्तावनेत कागदवाल्यापासून बाइंडरपर्यंत सगळ्यांचे आभार होते. काकांबद्दल एवढंच होतं : 'एका अज्ञात लेखनिकाच्या प्रतीवरून.'

अज्ञात! आणि हे अज्ञात गृहस्थ समोर स्टुलावर बसलेले!

"साहेब, ते दोन बार माझे आहेत."

"अक्षर तुमचं हो, सूर त्यांचे!" संचालक खो खो हसले.

काकांनी पिशवीतून मूळ पान काढलं. हॉर्न या फुंकवाद्याच्या ओळीत कसरीनं खाल्लेलं भोक होतं, बरोब्बर दोन बारांएवढं. "मी प्रत उतरवली तेव्हा कार्यक्रम दोन दिवसांवर होता. मागचंपुढचं बघून मीच भरले. सांगायचं राहून गेलं. पुस्तकात एक ओळ टाका, साहेब. बाकी काही नको."

संचालकांचं हसू जागच्या जागी वाळलं.

"हे आणखी कुणी पाहिलंय?"

"नाही."

पान खणात गेलं. किल्ली फिरली.

"काका, तुम्हाला लोक लबाड म्हणतील, आणि आम्हाला मूर्ख. तोंडातून ब्र काढू नका. आणि हो, छपाई फार बारीक आहे. हॉर्नसाठी ते पान मोठ्या अक्षरात उतरवून द्या. खाली तुमचं ते नेहमीचं सहीचं आद्याक्षर मात्र नको, आज फोटोवाले येणार आहेत."

काका टेबलाशी बसले. स्वतःचेच दोन बार त्यांनी नकलून काढले. हात मेला सवयीचा गुलाम, शेवटी आद्याक्षर टाकून मोकळा झाला.

तेवढ्यात वाऱ्यासारखी लेक आली, हॉर्न बगलेत मारून. वाद्यवृंदात हॉर्न तीच वाजवायची.

"झालं का हो बाबा? आणा... हे बघा, हे!" तिनं ते दोन बार गुणगुणले आणि डोळेच मिटले. "बाबा, कसलं लिहिलंय! अंगावर काटा येतो. असं सुचायला ना, जातच वेगळी लागते माणसाची. नाहीतर आपण! तुम्ही जन्मभर उतरवताय, मी जन्मभर फुंकतेय."

काकांचे ओठ उघडले. खणाची किल्ली कानात पुन्हा फिरली.

"थांब जरा," ते म्हणाले, "खाली डाग पडलाय."

त्यांनी ब्लेड घेतलं आणि आद्याक्षर खरवडलं. अलगद, श्वास रोखून, शाईचा कण न् कण. मग पान उजेडाकडे धरून नीट पाहिलं.

कागदाला कुठंही भोक पडलं नव्हतं.

"घे," ते म्हणाले. "वाजव."