पुजलेले बूट

कोंडीरामच्या धाकट्या लेकीचं, दीपमालाचं, लग्न झालं, त्याच वर्षीची खंडेनवमी. मैदानाच्या कडेच्या खोलीत कोंडीराम पाटावरच्या फुटबॉलला हळदकुंकू लावत होता. भोवती खेळाडूंचे बूट ओळीनं मांडलेले, प्रत्येक जोडावर एकेक झेंडूचं फूल. कारखान्यात यंत्रं पुजतात, दुकानात तराजू पुजतात, तसे हडपसरच्या कालवा संघात बॉल आणि बूट पुजायचे. ज्याचे बूट पूजेला नाहीत, तो दसऱ्यानंतरच्या फायनलला मैदानात उतरणार नाही, असा कोंडीरामचा नियम होता.

ओळीत एक जागा रिकामी होती.

"सौरभचे नाहीत," कर्णधार योगेश म्हणाला. "अण्णा, तो नसेल तर रविवारी गोल कोण मारणार?"

"तू मार."

"मी मागं खेळतो, अण्णा. बचावाला."

"मग त्यांना तरी मारू देऊ नकोस."

प्रसादाचं ताट घेऊन आलेली विमलाबाई उंबऱ्यातच थांबली. "अहो, फोन करून विचारा तरी. महिनाभर सरावाला उशिरा येतोय. काही अडचण असेल त्याची."

"अडचण त्यानं सांगायची. मी काय चौकशीची खिडकी उघडून बसलोय?"

बोलून झालं आणि कोंडीरामनं सवयीनं शेजारच्या लोखंडी खुर्चीकडे बघितलं. असल्या बोलण्यावर तिथून हमखास टोमणा यायचा. खुर्ची वैशाखापासून रिकामी होती. पेढे वाटताना त्यानं एक पेढा खुर्चीवर ठेवला. मग कुणी बघत नाही असं पाहून तो उचलला, कागदात गुंडाळला आणि खिशात टाकला.

ती खुर्ची बद्रीनाथची. दोघं तरुणपणापासून याच मैदानावर खेळले. बॉल हाताला लागला तर कोंडीराम स्वतःच पंचाला सांगायचा. बद्रीनाथ एकदा फायनल सोडून जत्रेत कुस्त्या बघत बसला होता. पण त्याच बद्रीनाथनं एका पावसाळी सामन्यात कालव्याच्या बाजूनं, अगदी कोपऱ्यातून, डाव्या पायानं असा बॉल वळवला होता, की गोलकीपर हात न उचलता नुसता बघत राहिला. त्या दिवशी कोंडीराम आपलं ठिकाण विसरून मैदानाच्या मध्यात उभा राहिला होता. तसा गोल त्यानं पुन्हा कुठंच पाहिला नाही.

म्हातारपणी दोघं संघ घडवत बसले आणि भांडण कायमचं लागलं. बद्रीनाथ म्हणायचा, आधी पायात कसब बघ. कोंडीराम म्हणायचा, आधी माणूस वेळेवर येतो का ते बघ. दीपमालाच्या लग्नात, भर पंगतीत, हा वाद निघाला आणि कोंडीराम बोलून गेला, "तुझ्यासारख्यांच्या नादानं आपण जन्मभर हरलो." बद्रीनाथनं जिलेबी खाली ठेवली आणि हात धुवायला उठला. पुढं तो लोणी काळभोरला मुलाकडे राहायला गेल्याचं कानावर आलं. रुसलाय, येईल आपोआप, असं कोंडीराम विमलाबाईला सांगत राहिला.

रविवारी सौरभ वेळेआधी हजर झाला. वर्ध्याकडून येऊन इथल्या कंपनीत लागलेला, अंगानं काटक. बॉल त्याच्या पायाशी पाळल्यासारखा राहायचा.

"तुझे बूट पूजेला नव्हते," कोंडीराम म्हणाला.

"पुजलेत, अण्णा." त्याच्या बुटांच्या टोकाला खरंच हळद होती.

"कुठं?"

सौरभनं मान खाली घातली. "ते नाही सांगता येत. शब्द दिलाय."

"मग बस तिकडं."

सौरभ जाऊन बसला. वाद नाही, आदळआपट नाही. सामना संपत आला तेव्हा विरुद्ध संघाच्या गोलापुढं गर्दी झाली, बॉल योगेशच्या गुडघ्याला लागला आणि आत गेला. कसा गेला ते योगेशलाही कळलं नाही. कालवा संघ पहिल्यांदाच करंडक जिंकला.

पोरं नाचत होती. कोंडीरामनं करंडक कापडी पिशवीत घातला आणि तडक गाडीतळावर येऊन लोणीची बस धरली. "बघ बद्र्या, तुझ्या कसबाशिवाय जिंकलो," हे वाक्य तो बसभर मनात घोळवत होता. त्यावर बद्रीनाथ काय खवचट बोलेल, तेही ठरवत होता. त्या बोलण्यासाठीच तर निघाला होता.

दार सुनेनं उघडलं. "या अण्णा. तुम्हाला कळवायचं नाही म्हणून बजावलं होतं त्यांनी. फायनल होईपर्यंत कोंड्याच्या डोक्याला ताप नको, म्हणाले."

बद्रीनाथ खाटेवर होता. अंगावरच्या चादरीत माणूस आहे की नाही असं वाटावं, इतका उरलेला.

"आम्ही दोघं कामावर जातो," सून हळू आवाजात म्हणाली. "रात्रपाळी करून आला की दिवसभर सौरभच यांच्यापाशी असतो. मागच्या खोलीत भाड्यानं राहतो ना. मी घरी आले की मग त्याचा पाय बाहेर पडतो."

खाटेखाली एक पाट होता. पाटावर बद्रीनाथचे जुने, भेगाळलेले बूट, त्यांवर सुकलेला झेंडू. शेजारी हळदीकुंकवाच्या सड्यात दोन पावलांएवढी कोरी जागा. तिथं ठेवलेले बूट कुणीतरी सकाळी उचलून नेले होते.

कोंडीराम ती जागा बघत उभा राहिला.

"कोण? कोंड्या?" खाटेवरून आवाज आला. "काय झालं रे?"

"जिंकलो." त्यानं करंडक पिशवीतून काढून बद्रीनाथच्या हाताला लावला. बद्रीनाथनं तो चाचपला.

"हलका आहे. गोल कुणी मारला?"

पाठीमागं दार वाजलं. सौरभ आला होता. खांद्यावर बुटांची पिशवी तशीच, तो उंबऱ्यातच थबकला.

"सौरभनं," कोंडीराम म्हणाला.

"कसा? नीट सांग."

कोंडीराम खाटेच्या कडेवर टेकला. "कालव्याच्या बाजूनं. अगदी कोपऱ्यातून. डाव्या पायानं असा वळवला बघ, गोलकीपरनं हातच उचलला नाही. मी मैदानाच्या मध्यात... म्हणजे, बसल्या जागी उभाच राहिलो."

बद्रीनाथचे डोळे मिटले होते. ओठ मात्र हलले. "म्हणजे शेवटी मीच खरा."

"तूच."

"लेका, आज पहिल्यांदा कबूल केलंस."

कोंडीरामनं मान वळवून सौरभकडे बघितलं आणि आपल्या शेजारची जागा हातानं पुसली. सौरभ आत आला आणि तिथं बसला. कोंडीरामनं खिशात हात घातला. नवमीचा पेढा कागदाला चिकटून चपटा झाला होता. त्यानं त्याचे तीन तुकडे केले.

बद्रीनाथ त्याच वर्षी, वसुबारसेच्या दिवशी सकाळी, लोणी काळभोरच्या घरी वारला.