सातवा नमुना आणि खंडेनवमीचा नारळ

मी रूळ बोलतोय. अख्खा नव्हे हं, वीतभर तुकडा. पण ताठा अख्ख्या रुळाचा.

भट्टीतून निघालो तो थेट परळला, फलाटाच्या तोंडाशी. तिथे प्रत्येक गाडी ब्रेक मारायची, चाकं घसरायची, माझी पाठ चर्रकन भाजायची आणि लगेच गार पडायची. असं होता होता पाठीवर एक पांढरी साय धरली. केसाहून पातळ, पण कडक म्हणजे काय विचारू नका. शेजारच्या रुळाशी मी बोलणंच सोडलं.

मग रूळ बदलले, माझे तुकडे झाले आणि मी दादरच्या एका कॉलेजात पीएचडी करणाऱ्या क्षितिजाच्या टेबलावर आलो. ही मुलगी चार वर्षं एकच गोष्ट शोधत होती: साय कडक आहे खरी, पण भेगेला दाद न देता टिकते किती? हिऱ्याची सुई टोचायची आणि भेग किती लांब पळते ते मोजायचं. सहा तुकडे टोचून झाले होते. सहाही माझे सख्खे भाऊ, सहाही तडकले. "सात नमुने हवेत, नाहीतर आणखी सहा महिने," असं तिचे मार्गदर्शक गुरुदत्त सर यांनी तिला बजावलं होतं. सातवा मी. मनात म्हटलं, बाई, आता बघ खरा गडी.

मध्येच खंडेनवमी आली. प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा करायचा मान शिपाई कुशाबाकाकांचा. राहणार लालबाग, मूळ मालवण. त्यांनी यंत्रांना झेंडू वाहिले, मला हळदकुंकू लावलं. मी फुगलो. मग नारळ फोडायला काहीतरी भक्कम हवं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याच पाठीवर हाणला.

"बघ गो बाय, एका फटक्यात दोन भकलां. असो रूळ गावाचो नाय."

म्हणजे असा रूळ शोधून सापडायचा नाही. क्षितिजाने मला पुसून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. साय या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली होती. भेग थांबली ती खालच्या मऊ पोलादाशी. त्या मऊ पोलादाला मी जन्मभर हिणवलं होतं. लाज वाटली हो.

"काका, हा शेवटचा होता," ती म्हणाली आणि स्टुलावर बसून रडली. काकांनी खोबरं तिच्यापुढे सरकवलं. दुसरं काय करणार बिचारे.

शेवटी डोळे पुसून तिने प्रबंधात खरं तेच लिहिलं: 'नमुना क्रमांक सात धार्मिक कारणास्तव वगळला.' त्याच दुपारी सरांनी ते वाक्य दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"सहा पुरतील," ते म्हणाले. "खोबरं उरलंय का?"

आणि सही केली.

आता मी काकांच्या हजेरीबुकावर बसून असतो, पानं उडू नयेत म्हणून. पाठ तडकलेली, पण काम चोख. तक्रार काही नाही. फक्त नवरात्र बसलं की काका माझ्याकडे फार प्रेमाने बघायला लागतात. वाचकहो, कधी दादरला आलात तर त्यांना जरा समजावा. बाहेर दगडी पायरी आहे, चांगली आहे, माझ्याहून भक्कम आहे. मी आपण होऊन कबूल करतोय.